उठून जाण्याची मुभा

फिलाडेल्फियाच्या जुन्या भागात चौथ्या रस्त्याने उत्तरेकडून दक्षिणेकडे चालत गेले, की अर्ध्या तासात ख्रिस्ती धर्माच्या कितीतरी शाखांची घरे लागतात. आधी सेंट जॉर्जेस हे मेथडिस्ट चर्च, त्याच्या जवळच कॅथलिकांचे सेंट ऑगस्टिन, थोडे पुढे आर्च स्ट्रीटवर क्वेकरांचे लाल विटांचे साधे सभागृह, मग विलिंग्ज ॲली नावाच्या बोळात आत दडल्यासारखे ओल्ड सेंट जोसेफ्स, आणि आणखी दक्षिणेला, सहाव्या रस्त्यावर, आफ्रिकन मेथडिस्ट एपिस्कोपल पंथाचे मदर बेथेल. पेनसिल्वेनियात राहायला आल्यावर सुरुवातीला मला ही केवळ वास्तूंची गर्दी वाटे. एवढ्या पंथांचे परस्परांत नेमके काय बिनसले असावे, हा प्रश्न मनात येई आणि तो धर्मशास्त्राच्या जाडजूड ग्रंथांतच सुटेल अशी माझी समजूत होती. या राज्याचा इतिहास वाचत गेले, गावोगावच्या उपासनांना मागच्या बाकावर बसू लागले, तेव्हा वेगळेच उत्तर हाती येऊ लागले. इथले पुष्कळ पंथ सिद्धांतावरून फुटले हे खरेच; पण त्याहून अधिक वेळा प्रश्न फार साधा होता. कोणी कुठे बसायचे, कोणी बोलायचे, उपासना कोणत्या भाषेत व्हायची आणि इमारत कोणाच्या नावावर असायची? ज्यांना मिळालेले उत्तर सहन झाले नाही ते उठले, बाहेर पडले आणि चार गल्ल्या ओलांडून त्यांनी आपली मंडळी थाटली. पेनसिल्वेनियाने माणसांना दिलेले धर्मस्वातंत्र्य म्हणजे, व्यवहारात, हे उठून जाण्याचे स्वातंत्र्य होते, असे माझे मत होत गेले आहे.

ही मुभा ज्याने दिली तो विल्यम पेन स्वतः इंग्लंडच्या तुरुंगाची हवा खाऊन आला होता. तो क्वेकर होता, आणि सतराव्या शतकातल्या इंग्लंडात क्वेकर असणे म्हणजे दंड, जप्ती आणि कैद अंगावर ओढवून घेणे होते. हे लोक न्यायालयात शपथ घेत नसत, बड्यांसमोर टोपी काढत नसत, शस्त्र हाती धरत नसत आणि देवाशी बोलायला पाळकाची गरज नाही असे म्हणत. पेनच्या वडिलांचे सोळा हजार पौंड राजाकडे येणे होते. त्या कर्जाच्या बदल्यात दुसऱ्या चार्ल्सने ४ मार्च १६८१ रोजी पेनला अमेरिकेतला हा विस्तीर्ण मुलूख सनदेने दिला. पेनने छळ सोसणाऱ्यांना युरोपभरातून बोलावले, आणि १७०१ च्या 'चार्टर ऑफ प्रिव्हिलेजेस'मध्ये लिहून ठेवले, की एका सर्वशक्तिमान देवाला मानणाऱ्या कोणालाही त्याच्या श्रद्धेपायी त्रास दिला जाणार नाही. अधिकारपदे मात्र येशू ख्रिस्तावर विश्वास ठेवणाऱ्यांसाठीच राखली होती. मोकळीक सर्वांना होती, समान वाटा सर्वांना नव्हता. त्या सनदेला पन्नास वर्षे होत आली तेव्हा, १७५१ मध्ये, प्रांताच्या विधानसभेने एक घंटा मागवली आणि तिच्यावर लेवीय पुस्तकातले वचन कोरून घेतले. देशभर सर्वांना मुक्तता जाहीर करा, असे सांगणारी तीच आजची लिबर्टी बेल.

ज्या जमिनीवर हे सारे घडले ती इथल्या मूळ रहिवासी लेनापी लोकांची होती, हे इथे म्हटलेच पाहिजे. पेनने स्वतः त्यांच्याशी करार करून, मोबदला देऊन जमीन घेतली. पण १७३७ मध्ये त्याच्या मुलांनी 'वॉकिंग पर्चेस' नावाच्या व्यवहारात ती बळकावली. माणूस दीड दिवसात चालेल तेवढी जमीन, असा तो करार होता. मुलांनी आधी वाट साफ करवून घेतली, मग निवडक धावणारे पळवले आणि लेनापींना त्यांच्या मुलखातून हुसकले. युरोपातून हाकललेल्यांना जागा मिळाली ती अशा रीतीनेही. माझ्या मते या राज्याच्या धर्मेतिहासाचे हे पहिले पान आहे आणि ते सहसा मागे सरकवले जाते.

क्वेकरांच्या उपासनेला मी आर्च स्ट्रीटच्या सभागृहात बसले आहे. १८०४ च्या त्या इमारतीत वेदी नाही, क्रूस नाही, ऑर्गन नाही. समोरासमोर मांडलेली लाकडी बाके आणि उंच खिडक्यांतून येणारा उजेड, एवढेच. लोक येतात, बसतात आणि गप्प राहतात. प्रत्येक माणसाच्या आत देवाचा प्रकाश असतो अशी त्यांची श्रद्धा असल्याने, ज्याला आतून बोलण्याची प्रेरणा होईल त्याने उभे राहून चार वाक्ये बोलावीत आणि खाली बसावे. त्या दिवशी बराच वेळ काहीच झाले नाही. मग एक वयस्कर बाई उठल्या, आपल्या आजारी शेजारणीविषयी थोडे बोलल्या आणि बसल्या. त्यांच्या बोलण्यावर कोणी मान हलवली नाही, कोणी उत्तर दिले नाही, पुन्हा शांतता. तास भरत आल्यावर एकाने शेजाऱ्याशी हस्तांदोलन केले आणि उपासना संपली. आपल्याकडच्या ध्यानापेक्षा हे वेगळे आहे. ध्यान ज्याचे त्याचे असते. इथे सगळे मिळून वाट पाहतात आणि ऐकतात.

या श्रद्धेचे एक फळ आपल्या घरापर्यंत पोहोचले आहे. प्रकाश स्त्रीच्याही अंतरी असतो म्हटल्यावर तिला उपदेश करण्यापासून रोखता येईना, आणि उपदेश करू शकणारी स्त्री वैद्यक का शिकू शकणार नाही, हा पुढचा प्रश्न. १८५० मध्ये फिलाडेल्फियात स्त्रियांसाठी वैद्यकीय महाविद्यालय निघाले, त्यामागे क्वेकरांचा मोठा हात होता. आनंदीबाई जोशी तिथेच शिकल्या. ११ मार्च १८८६ रोजी त्यांना पदवी मिळाली तेव्हा त्या समारंभासाठी पंडिता रमाबाई इंग्लंडहून आल्या होत्या. रमाबाईंनी त्याआधी तीनच वर्षे बाप्तिस्मा घेतला होता, अँग्लिकन पंथात. आणि त्या पंथाच्या अधिकारी मंडळींशी त्यांचा वाद चालू होता. हिंदुस्थानातल्या पुरोहितवर्गाचे जोखड मोठ्या कष्टाने उतरवले, आता तसेच दुसरे मानेवर घेणार नाही, असे त्यांनी आपल्या इंग्लंडमधल्या धर्मभगिनीला कळवले होते. असे मन घेऊन आलेल्या रमाबाईंना हा पंथांचा देश पाहायला मिळाला. १८८९ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या मराठी प्रवासवृत्तात अमेरिकेतल्या धर्मपंथांवर आणि धर्मादाय कार्यावर एक स्वतंत्र प्रकरण आहे. तिथे पोहोचल्यावर आपल्याला कोणत्या तरी एका पंथाचे होऊन राहण्याची सक्ती नाही, हे त्यांना किती हायसे वाटले असेल, याची कल्पना मी आता करू शकते.

क्वेकरांना मी निर्दोष मात्र म्हणणार नाही. १६८८ मध्ये फिलाडेल्फियाजवळच्या जर्मनटाउनमध्ये चार जणांनी गुलामगिरीविरुद्ध निषेधपत्र लिहून ते सभेपुढे ठेवले. इंग्रजांच्या अमेरिकन वसाहतींतला हा अशा स्वरूपाचा पहिला लेखी निषेध. खालच्या सभेने ते वरच्या सभेकडे पाठवले, वरच्या सभेने आणखी वर, आणि तिथे ते बाजूला ठेवण्यात आले. खुद्द पेनच्या पदरी गुलाम होते. गुलाम बाळगणाऱ्याला सभासद राहता येणार नाही असा ठराव फिलाडेल्फियाच्या वार्षिक सभेने केला तो १७७६ साली. मतदान न घेता सर्वांचे मन एका ठिकाणी येईपर्यंत थांबायचे, ही त्यांची पद्धत मला आवडते. पण या प्रकरणात थांबण्याची किंमत थांबणाऱ्यांनी मोजली नाही. ती दुसऱ्यांनी मोजली. पुढे १८२७ मध्ये हे शांतताप्रिय लोकही आपसांत फुटले, आणि त्यांचे दोन तट पुन्हा एक व्हायला १९५५ उजाडावे लागले.

उठून जाण्याची सर्वांत थोर घटना सेंट जॉर्जेसमध्ये घडली. ती १७८७ ची की १७९२ ची, याबद्दल इतिहासकारांत मतभेद आहेत, घटनेबद्दल नाहीत. या मेथडिस्ट चर्चमध्ये गोरे आणि काळे दोघेही येत. काळ्या भक्तांची संख्या वाढली तशी त्यांना आधी भिंतीलगत आणि मग नव्याने बांधलेल्या गॅलरीत बसवले जाऊ लागले; त्या गॅलरीच्या आणि फरशीच्या कामाला त्यांनीही वर्गणी दिली होती. एका रविवारी प्रार्थना सुरू झाली आणि सगळे गुडघे टेकून बसले. ॲब्सलम जोन्स चुकीच्या जागी बसले आहेत म्हणून एका विश्वस्ताने त्यांना दंडाला धरून उठवायला सुरुवात केली. जोन्स म्हणाले, प्रार्थना संपेपर्यंत थांबा. विश्वस्त थांबला नाही. त्याने दुसऱ्याला मदतीला बोलावले. प्रार्थना संपताच सारे काळे भक्त एकत्र उठले आणि बाहेर पडले. त्यांच्यात रिचर्ड ॲलन होते. जन्माने गुलाम असलेल्या या माणसाने स्वतःच्या कमाईने आपले स्वातंत्र्य विकत घेतले होते.

पुढची हकीकत या प्रसंगाइतकी सांगितली जात नाही, आणि मला ती अधिक महत्त्वाची वाटते. ॲलन यांनी सहाव्या रस्त्यावरच्या जागेवर लोहाराच्या दुकानाची एक जुनी इमारत ओढून आणली आणि १७९४ मध्ये तिथे उपासना सुरू केली. परंतु बाहेर पडूनही सुटका झाली नाही. कागदोपत्री ही मंडळी मेथडिस्ट व्यवस्थेतच होती, आणि गोरे अधिकारी तिथे उपदेश करण्याचा आणि मालमत्तेवर ताबा ठेवण्याचा हक्क सांगत राहिले. प्रकरण इतके चिघळले, की १८१५ मध्ये ॲलन यांना आपल्याच चर्चसाठी लिलावात बोली लावून दहा हजार डॉलरांहून अधिक रक्कम द्यावी लागली. १८१६ च्या प्रारंभी राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने त्यांच्या बाजूने निकाल दिला आणि त्याच वर्षी आफ्रिकन मेथडिस्ट एपिस्कोपल हा स्वतंत्र पंथ स्थापन झाला. त्याच्या शिकवणीत मेथडिस्टांहून वेगळा असा एकही सिद्धांत नाही. गुडघे टेकलेल्या माणसाला दंडाला धरून उठवता येणार नाही, अशी जागा त्यांना हवी होती. सेंट जॉर्जेसच्या मंडळीने मदर बेथेलच्या मंडळीला एकत्र उपासनेसाठी रीतसर बोलावले ते २००९ मध्ये. दोन्ही इमारतींमधले अंतर पायी अर्ध्या तासाचे आहे.

कॅथलिकांची कथा थोड्या वेगळ्या वळणाची आहे. विलिंग्ज ॲलीतले सेंट जोसेफ्स १७३३ मध्ये सुरू झाले तेव्हा इंग्रजी राज्यात इतरत्र मिस्सा, म्हणजे कॅथलिकांची मुख्य उपासना, उघडपणे करणे बेकायदा होते. पेनची सनद होती म्हणून ते टिकले. पण एका शतकानंतर, आयर्लंडहून येणाऱ्यांची संख्या वाढल्यावर, हेच शहर त्यांच्यावर उलटले. सरकारी शाळांत प्रॉटेस्टंटांचे किंग जेम्स बायबल वाचले जाई. आमच्या मुलांना आमचे भाषांतर वाचू द्या, अशी विनंती बिशप केनरिक यांनी केली. त्यातून अफवा उठल्या आणि १८४४ च्या मे महिन्यात दंगल पेटली. सेंट मायकल्स आणि सेंट ऑगस्टिन ही दोन चर्चे जाळली गेली. आज चौथ्या रस्त्यावर दिसते ते सेंट ऑगस्टिन नंतर बांधलेले आहे.

ही दंगल शाळेवरून झाली, हे मी पुष्कळ दिवस विसरू शकले नाही. चर्चमधून उठून जाता येते. शाळेतून मुलाला उठून जाता येत नाही. कॅथलिकांनी तिथूनही बाहेर पडण्याचा मार्ग काढला आणि स्वतःच्या शाळांचे जाळे उभारले. पुढे संत ठरलेले बिशप जॉन न्यूमन यांचे ते मोठे काम. पण सर्वांना हे परवडणारे नव्हते. १९३५ मध्ये कोळशाच्या खाणींच्या प्रदेशातल्या मायनर्सव्हिल या गावी 'यहोवाचे साक्षीदार' पंथातल्या लिलियन आणि विल्यम या बारा आणि दहा वर्षांच्या भावंडांनी झेंड्याला वंदन करायला नकार दिला, म्हणून त्यांना शाळेतून काढून टाकण्यात आले. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९४० मध्ये आठ विरुद्ध एक अशा मतांनी शाळेची बाजू उचलून धरली. त्यानंतर देशात ठिकठिकाणी या पंथाच्या लोकांना मारहाण झाली. तीनच वर्षांनी, वेस्ट व्हर्जिनियातल्या खटल्यात, न्यायालयाने स्वतःचा निकाल फिरवला. केरळातल्या तीन मुलांना राष्ट्रगीत न गायल्याबद्दल शाळेतून काढल्याचे प्रकरण आपल्या सर्वोच्च न्यायालयापुढे आले तेव्हा, १९८६ च्या निकालपत्रात न्यायमूर्ती चिन्नप्पा रेड्डी यांनी या दोन्ही अमेरिकी निकालांचा विचार केला आणि मुलांना परत शाळेत घ्यायला सांगितले. कोळशाच्या धुळीतल्या एका लहान गावातला प्रश्न इतका दूर जाऊन पोहोचला. सरकारी शाळेतल्या रोजच्या बायबलवाचनाचा प्रश्नही याच राज्यातून, ॲबिंग्टन गावातून, वर गेला. तिथल्या एका युनिटेरियन कुटुंबाने दाद मागितली आणि १९६३ मध्ये ते सक्तीचे वाचन घटनाबाह्य ठरले.

लँकेस्टर परगण्यातले आमिश लोक या साऱ्याकडे वेगळ्याच बाजूने पाहायला लावतात. बाहेरच्या जगाला त्यांच्या घोडागाड्या आणि विजेविना चालणारी घरे दिसतात. मला त्यांच्या मंडळीची रचना अधिक विचार करण्याजोगी वाटते. त्यांना चर्चची इमारतच नसते. दर दुसऱ्या रविवारी कोणाच्या तरी घरी किंवा कोठारात उपासना भरते, बाके लादलेली एक गाडी घरोघर फिरते, आणि सोळाव्या शतकातल्या 'आउसबुंड' या जर्मन गीतसंग्रहातले स्तुतिगीत इतक्या संथ लयीत म्हटले जाते, की चार कडव्यांना वीस मिनिटे लागावीत. घरात मावेनासे झाले की मंडळी दोन होते. ओढा किंवा रस्ता ही हद्द ठरते आणि भांडण न होता विभागणी होते. पाळक निवडण्याची रीत तर ऐकून अंगावर काटा येतो. सभासद एकेक करून दाराशी जाऊन एक नाव पुटपुटतात. ज्यांना ठरावीक मते मिळतात त्यांच्यापुढे तितकीच गीतपुस्तके ठेवतात. एकात बायबलच्या वचनाची चिठ्ठी असते. ज्याच्या पुस्तकात ती निघते तो त्या क्षणापासून आयुष्यभर पाळक, शिक्षणावाचून आणि वेतनावाचून. त्याच्या घरचे लोक रडतात, कारण ओझे किती आहे हे त्यांना ठाऊक असते.

२ ऑक्टोबर २००६ रोजी निकेल माइन्स इथल्या आमिश शाळेत एका इसमाने दहा मुलींवर गोळ्या झाडल्या. पाच जणी दगावल्या. त्याने स्वतःलाही संपवले. त्याच दिवशी आमिश शेजारी त्याच्या पत्नीच्या आणि आईवडिलांच्या घरी सांत्वनाला गेले, आणि नंतर त्याच्या दफनालाही उपस्थित राहिले. मी अशी क्षमा करू शकले असते असे मला वाटत नाही. तरीही त्याच मंडळीत, प्रौढपणी बाप्तिस्मा घेतल्यावर नियम मोडून बाहेर पडणाऱ्याला वाळीत टाकतात, त्याच्याबरोबर एका ताटाला बसत नाहीत, हेही मी विसरत नाही. बाप्तिस्म्याआधी दार खरोखर उघडे असते. नंतर ते उघडे असले तरी उंबरा फार उंच होतो.

जर्मनटाउनमध्येच १७२३ च्या नाताळच्या दिवशी 'ब्रेदरन' पंथाच्या अमेरिकेतल्या पहिल्या मंडळीचा जन्म झाला. वाहत्या पाण्यात तीन वेळा बुडवून बाप्तिस्मा देणारे, प्रभुभोजनाआधी एकमेकांचे पाय धुणारे आणि शस्त्र न धरणारे हे लोक. माझे आजोळ डहाणूचे, त्यामुळे मिशन हॉस्पिटल हे नाव मी लहानपणापासून ऐकत आले होते. ते मिशन म्हणजे हेच ब्रेदरन, हे मला जर्मनटाउनच्या त्यांच्या जुन्या सभागृहासमोर उभे राहिल्यावर उमगले. त्यांच्याप्रमाणेच अमेरिकेतल्या प्रेसबिटेरियनांचे काम कोल्हापूर-मिरजेला, काँग्रिगेशनलांचे मुंबई-अहमदनगरला चालले. जो प्रदेश ज्याच्या वाट्याला आला तिथले ख्रिस्ती त्या पंथाचे झाले. डहाणूच्या वारली माणसाने जर्मनीतला छळ पाहिला नव्हता आणि मिरजेच्या मंडळीला स्कॉटलंडचे भांडण ठाऊक नव्हते. म्हणूनच असेल, २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपुरात सहा मंडळ्यांनी एकत्र येऊन 'चर्च ऑफ नॉर्थ इंडिया' स्थापन केले, आणि त्यात अँग्लिकन, प्रेसबिटेरियन, काँग्रिगेशनल, बॅप्टिस्ट आणि मेथडिस्ट परंपरांबरोबर ब्रेदरनही सामील झाले. जिथे हे पंथ रुजले त्या पेनसिल्वेनियात ते आजही वेगवेगळ्या छपरांखाली बसतात. नागपूरच्या त्या निर्णयाची इथे फारशी कोणाला माहिती नाही, याचे मला वाईट वाटते.

बाहेर पडणे अजून थांबलेले नाही. २००८ मध्ये पिट्सबर्गचा एपिस्कोपल, म्हणजे अँग्लिकन परंपरेच्या अमेरिकी शाखेचा, धर्मप्रांत फुटला आणि इमारती कोणाच्या, हा वाद न्यायालयात गेला. समलिंगी विवाहाच्या प्रश्नावरून युनायटेड मेथडिस्ट पंथातून २०२३ अखेरपर्यंत या राज्यातल्या शेकडो मंडळ्या बाहेर पडल्या. त्यांतील प्रत्येकीला आपली इमारत ठेवण्यासाठी ठरावीक रक्कम भरावी लागली, कारण मालमत्ता मंडळीची नसून पंथाची, हा रिचर्ड ॲलन यांना छळणारा नियम अजून शिल्लक आहे. आमच्या गावातल्या मेथडिस्ट मंडळीनेही मतदान केले. जे हरले त्यांनी गाव सोडले नाही; ते आता लुथरन चर्चच्या सभागृहात रविवारी दुपारी जमतात. वाद सगळ्यात जास्त चिघळला तो तळघरातल्या अन्नभांडारावरून, कारण तिथे गुरुवारी धान्य न्यायला येणाऱ्यांना यातले कोणाचेच काही देणेघेणे नव्हते. शेवटी दोन्ही बाजूंनी मिळून ते चालवायचे ठरवले. मी गुरुवारी तिथे तांदूळ आणि डाळीच्या पिशव्या भरायला जाते; पूर्वी एकाच बाकावर बसणाऱ्या आणि आता दोन मंडळ्यांत गेलेल्या दोघी बहिणी माझ्या शेजारी उभ्या राहून डबे मोजतात. मतदानाविषयी त्या माझ्यापुढे बोलत नाहीत, आणि तूरडाळ शिजायला किती वेळ लागतो हे दोघीही मलाच विचारतात.